दोन रेषांमधलं अंतर

नळी रिकामी करायला मी उठलेच होते. फॉस्फरस एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात फॉस्फरसच्या अणूचा सिग्नल टिपणाऱ्या चाचणीत) आमच्या फॉस्फरसच्या रेणूची +187 पीपीएमच्या आसपास एकच रेष हवी होती; पीपीएम म्हणजे पट्टीवरची रेषेची जागा. ती होती, पण शून्याच्या पलीकडे, ऋण बाजूला, आणखी काहीतरी उगवलं होतं. असं दिसलं की वहीत ‘पाणी शिरलं’ असं लिहून पुढची बॅच लावायची, ही आमची सवय. त्याआधी तीनदा मी तेच केलं होतं.

हा रेणू मला फार आवडतो. रसायनशास्त्रज्ञ आर्ड्युएन्गो आणि सहकाऱ्यांनी तो 1984 साली प्रसिद्ध केला. ट्रायफिनाइलफॉस्फिन या नेहमीच्या रेणूतला फॉस्फरस तीन बंध आणि इलेक्ट्रॉनची एक एकाकी (बंधात न गुंतलेली) जोडी घेऊन पिरॅमिडच्या शेंड्यावर बसतो. भोवती आठ इलेक्ट्रॉन. इथे बंध तीनच, मधे नायट्रोजन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन, पण सगळं एका पातळीत, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखं. एकाकी जोड्या दोन धरल्या तर इलेक्ट्रॉन दहा होतात, म्हणून त्याला 10-पी-3 म्हणतात. दहा मोजायचे, की आठच मोजून विद्युतभार वेगळे दाखवायचे, यावर वाद घालता येतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की असा फॉस्फरस एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन) बंध तोडून दोन्ही तुकडे स्वतःला जोडून घेतो आणि पाच बंधांचा होतो. सहसा धातूंकडून अपेक्षित असलेलं काम! रॅडोसेविच यांच्या गटाने 2014 मध्ये अमोनिया आणि साध्या अमाइन्सवर (अमोनियाला कार्बनचे गट जोडलेले पदार्थ) ते दाखवलं.

त्या दिवशी आमच्या शोधविद्यार्थिनीकडून मोजणीत प्रोटॉन डीकपलिंग (हायड्रोजनचा परिणाम रेषांवर पडू न देणारी सोय) चालू करायचं राहिलं. ऋण बाजूला एकाऐवजी दोन रेषा आल्या. “मॅडम, अशुद्धी दोन आहेत,” ती म्हणाली. मीही मान डोलावली. मग सहज अंतर मोजलं: जवळपास पाच पीपीएम. आमच्या 400 मेगाहर्ट्झच्या यंत्रावर फॉस्फरस 162 वर चालतो, म्हणजे सुमारे आठशे हर्ट्झ. एवढं मोठं कपलिंग (शेजारच्या अणूमुळे रेष दुभंगणं) हायड्रोजन थेट फॉस्फरसवर बसल्याशिवाय येत नाही. दोन अशुद्धी नव्हत्याच. एकच पदार्थ होता, दुभंगलेला.

पण पाण्याचा ओ-एच तुटला तरी पी-एच बंध तयार होऊ शकतो, म्हणजे पाण्यावरचा संशय अजून गेला नव्हता. प्रोटॉनच्या, म्हणजे हायड्रोजनच्या, स्पेक्ट्रममध्ये तेच आठशे हर्ट्झ दोन पीपीएम अंतरावरच्या दोन रेषांमध्ये सापडले. मात्र 1 पीपीएमच्या खाली एक नीटस ट्रिपलेटही (तीन रेषांचा गट) होता, सीएच3 म्हणजे मिथाइलची खूण. पाण्याला मिथाइल कुठून येणार? ती प्रोपिलची, तीन कार्बनची, साखळी होती.

ग्लव्हबॉक्सचा, म्हणजे हवेपासून बंद कामपेटीचा, मीटर पाणी आणि ऑक्सिजन दाखवतो. दोन्ही एक पीपीएमच्या (इथे दशलक्षात एक भाग) खाली होते आणि मी त्या आकड्यांवर विसंबून होते. अमाइन तो मोजतच नाही. त्याच बॉक्समध्ये दुसरा सहकारी प्रोपिलअमाइन वापरत होता. 48 अंशांना उकळणारं द्रव, आणि शेजारी आमच्या नमुन्यांच्या द्रावकाची, ड्युटेरेटेड (जड हायड्रोजनच्या) बेंझिनची, बाटली, झाकण अर्धवट फिरवलेलं. सामायिक बॉक्समध्ये बाष्पशील अमाइन उघडायचं तर आधी सांगायचं आणि नंतर बॉक्स पर्ज करायचा (आतला वायू बदलायचा), एवढी शिस्त पाळली जात नाही. विचारलं तर तो म्हणाला, “थेंबभरच होतं.” या रेणूला थेंबभर म्हणजे मेजवानी.

बेंझिनची नवी सीलबंद अँप्यूल दुसऱ्या बॉक्समध्ये फोडली. तेच स्फटिक घेतले: +187, बाकी स्वच्छ. मुद्दाम प्रोपिलअमाइनचा अंश सोडला आणि ऋण बाजूचा सिग्नल नेमक्या त्याच जागी परत आला. विद्यार्थिनी टाळ्या वाजवत होती. मी वहीची मागची पानं काढून बसले होते.

ती तीन बॅच, एकेक आठवड्याची मेहनत. तिन्हींच्या नोंदीत माझ्याच अक्षरात ‘पाणी शिरलं’ असं आहे, आणि ऋण बाजूच्या सिग्नलची शिफ्ट (पीपीएममधली जागा) लिहिलेली नाही. नळ्या कधीच धुतल्या गेल्या. आता प्रत्येक नमुन्याचा कपल्ड (डीकपलिंगविना) स्पेक्ट्रमही घ्यायला लावते. त्या तीन पानांना मात्र एकही जोडलेला नाही.