घरचं बी

जुलै 2023. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलेलं आणि आमच्या रोपवाटिकेत पाय ठेवायला जागा नाही. जन्मात टोमॅटो न लावलेल्यांनाही रोपं हवीत. चालत्या वाणाची दहा ग्रॅमची पुडी ओळखीशिवाय मिळेना, आणि छापील किमतीत तर नाहीच. अशात तात्या स्टीलचा डबा घेऊन आले. आत त्यांच्याच प्लॉटातल्या हायब्रीड टोमॅटोचं बी.

बी बघून मी चाटच पडले. फळं बादलीत कुस्करून आंबवलेली, फेस आल्यावर बी चोळून धुतलेलं, सावलीत फडक्यावर वाळवलेलं. त्याभोवतीचा बुळबुळीत थर असा घालवला नाही तर उगवण रखडते. माझ्या पदवीतल्या कित्येकांना हे जमणार नाही. लव मात्र तशीच होती. कंपनीचं बी लव काढून, औषधाचा रंग चढवून येतं, ट्रेच्या खळग्यात एकेक सुटं पडतं. हे एकमेकांना बिलगलेलं. बायकांनी बोटांनी चोळून सुटं केलं आणि मला चार शब्द सुनावले.

त्याआधी मी ते दहा टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये बुडवून धुतलं आणि ट्रे शेडच्या पार टोकाला ठेवले. मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिकट-गडद चट्टे आणणाऱ्या रोगाचा, विषाणू बियाच्या सालीवरून येतो आणि मग हातांनीच शेडभर फिरतो.

त्याच आठवड्यात एका कंपनीचा माणूस आला. ट्रे बघून म्हणाला, "मॅडम, हा गुन्हा आहे." साफ खोटं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 चा आहे. त्याच्या कलम 39 नुसार शेतकरी बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-विकूही शकतो. ब्रँडच्या नावानं विकायचं नाही, एवढीच अट. दुसरी थाप दुकानदारांची: हायब्रीडचं बी उगवतच नाही. उगवतं की! तात्यांचे ट्रे पुडीच्या ट्रेंइतकेच भरले.

घोळ पुढं असतो, तो मी तात्यांना आधीच सांगितला होता. लीफ कर्लला, म्हणजे पांढऱ्या माशीनं पसरणाऱ्या, पानं आकसवणाऱ्या रोगाला, दाद न देणारा गुण बहुधा एकाच पालकाकडून आलेला असतो. संकरित रोपात तो निम्मा असला तरी काम भागतं. त्याच झाडाचं बी धरलं की पुढच्या पिढीत चौथा हिस्सा रोपं त्याच्याविनाच निघतात. असे दोन वेगवेगळे गुण हवे असतील, तर ते दोन्ही सोळातल्या नऊ रोपांतच.

"मंजी नऊ तरी येतील ना?" तात्या म्हणाले. "पुडी तर एकबी मिळंना."

यावर काय बोलणार?

तोड्याच्या वेळी प्लॉट बघायला गेले. एकाच सरीत काही झाडं तारेच्या वर, काही कमरेशी थांबलेली. फळं कुठं चपटी, कुठं टोकदार, कुठं लिंबाएवढी. पांढऱ्या माशीनं कुठली झाडं धरली ते बांधावरूनच कळत होतं. व्यापाऱ्यानं क्रेट उपडं केलं आणि सगळा माल बदल्यात, म्हणजे हलक्या प्रतीत, काढला. चव कुणी विचारत नाही. मुंबईला ट्रकनं जाताना एकसारखं आणि टणक फळ लागतं, आणि हायब्रीडचे पैसे त्याचेच असतात.

पण तोवर भाव कोसळला होता. सप्टेंबरात क्रेट शंभरच्या घरात आलं होतं. शेजारच्यांनी पुडी काळ्या बाजारात घेतलेली, फवारण्या मारलेल्या. त्यांचा माल एकसारखा होता आणि त्यांनीही मातीच खाल्ली. तात्यांचा खर्च सर्वांत कमी. हे उदाहरण मी शेतकरी मेळाव्यात सांगू शकत नाही, सांगितलं तर उलटाच अर्थ निघेल.

मधल्या सरीतल्या एका झाडाला तात्यांनी लाल चिंधी बांधली होती. चारी बाजूंची झाडं आकसलेली आणि हे हिरवंगार, फळ मध्यम, टणक. त्याचं बी त्यांनी वेगळं धरलंय. वाण स्थिर व्हायला अशा निवडीच्या सहा-सात पिढ्या लागतात, हे सांगून झालं. त्या झाडात तो गुण दुहेरी आहे की निम्माच, हे कळायला त्याची पंचवीस-तीस रोपं लावून, माशीची फवारणी न करता सोडावी लागतील. तिथंच आमचं अडलंय.

"रोग येऊ द्यायचा आन् बघत बसायचं? ही कसली शेती, पोरी?"

ट्रे भरून तयार आहे. फवारणीचं अजून ठरत नाही.