रॅम्प मोजायला गेलो तेव्हा

माझा डावा पाय पोलिओचा. कॅलिपर आणि एक कुबडी यांच्या जोरावर मी जिना चढते. हळू चढते, पण चढते. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या गावातलं एक सरकारी कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, याचा त्रास मला कधी तक्रार करण्याइतका झाला नव्हता. २०२३ च्या पावसाळ्यानंतर आमच्या संघटनेतली एक मुलगी निराधार योजनेच्या कागदासाठी तिथे गेली. ती व्हीलचेअरवर असते. दोन माणसांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. माणसं भलीच होती. पण महिन्याच्या बैठकीत ती म्हणाली, "ताई, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. ओढणी घसरली तर सावरायला हात नव्हता."

बैठकीत पहिला सूर ठरलेलाच होता, मोर्चा काढायचा. संघटनेतले जुने काका त्याच पिढीचे. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्याच्या काळात त्यांनी ढिगानं निवेदनं दिलीत. प्रत्येकाची पोच त्यांच्याकडे फायलीत आहे आणि प्रत्येकाचं उत्तर जवळपास एकच: निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल. हे उत्तर कारकुनाच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. त्या कायद्यात रॅम्पच्या कलमातच 'आर्थिक कुवत आणि विकासाच्या मर्यादेत' असे शब्द होते. साहेबाला तेवढी फट पुरायची. मग रस्त्यावर बसून लाज वाटायला लावणं, पेपरात फोटो आणणं, एवढंच संघटनांच्या हातात उरायचं. काकांच्या पिढीला कागदाचा कंटाळा का, हे मला तो जुना कायदा वाचल्यावर कळलं.

त्याच्या जागी आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला थेट मुदत आहे, नियम निघाल्यापासून पाच वर्षं. नियम निघाले १५ जून २०१७ ला. म्हणजे जून २०२२ ला मुदत संपली. केंद्र सरकार एखाद्या राज्याला वाढ देऊ शकतं, पण ती दिली असेल तर कागद हवा. तो कागद मागायचा, असं आम्ही ठरवलं. मोर्चा मागे पडला. काका थोडे रुसले.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. आमचा पहिला मसुदा तीन पानांचा होता, त्यात ओढणीसुद्धा होती. छाटत छाटत शेवटी राहिलं एवढंच: इमारतीची सुगम्यता तपासणी केव्हा झाली, आणि कलम ४५ खाली मुदतवाढ मिळाली असल्यास तिची प्रत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि आवक शिक्का मारून घेतला. तिसाव्या दिवसाच्या जरा अलीकडे उत्तर आलं, "सदर माहिती कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही." असं उत्तर आलं की एरवी आम्ही चिडलो असतो. या वेळी बैठकीत पेढे आले. तपासणी नाही आणि मुदतवाढही नाही, हे त्यांनीच सही करून दिलं होतं.

त्याच सुमारास साहेबांनी निरोप पाठवला: तुमच्या माणसानं खाली थांबावं, आमचा शिपाई येऊन कागद वर नेईल. आमच्यातल्या निम्म्यांना हे पटलं. मलाही क्षणभर पटलं, खोटं कशाला बोलू? पण मग तिचा हक्क शिपायाच्या सवडीवर राहिला असता.

तक्रार पुण्याला, दिव्यांग आयुक्तांकडे केली. त्यात काय मागायचं यावर खूप वाद झाला. कलम ८९ मध्ये दंड आहे: पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास हजार ते पाच लाख. तरुण पोरांना दंड हवा होता. मी नको म्हटलं. दंडासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि दहा हजार भरून इमारत तशीच राहते. कलम ८१ मला जास्त कामाचं वाटलं. आयुक्तांनी शिफारस केली की त्या कार्यालयानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, आणि शिफारस मान्य नसेल तर का नाही हे तक्रारदारालाही कळवायचं. सरकारी माणसाला दंडापेक्षा स्वतःच्या सहीनं 'का नाही' लिहिण्याची धास्ती जास्त असते, हा माझा अंदाज. तो बरोबर निघाला.

सुनावणीची नोटीस निघाली आणि आठवड्याभरात तिथे रॅम्प झाला. आम्ही बघायला गेलो. ओलं सिमेंट, त्यावर कुत्र्याच्या पावलांचे ठसे. भाच्याची सुतारकामाची टेप नेली होती. तळमजल्याच्या दारातल्या तीन पायऱ्या मिळून उंची ४५ सेंटिमीटर. उतार एकास बारा, उंचीच्या बारापट लांबी, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर हवा. भरला २ मीटर १० सेंटिमीटर. ती घसरगुंडी होती. मुलीला मागून ढकलत चढवताना पुढची चाकं उचलली गेली आणि आम्ही तिथेच थांबलो. टेप रॅम्पवर पसरून आकडा दिसेल असा फोटो काढला.

पहिल्या तारखेला त्यांनी नव्या रॅम्पचा फोटो दाखवला, आम्ही टेपचा. त्यांचं म्हणणं, मोजमापं मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत. पुढच्या तारखेआधी, ८ नोव्हेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाचा राजीव रतुरी खटल्याचा निकाल आला. सुगम्यतेचे नियम नुसते सुचवणारे ठेवणं कायद्याला धरून नाही म्हणून २०१७ च्या नियमांतला नियम १५(१) रद्द, आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा, असं न्यायालयानं केंद्राला सांगितलं. बारकाईनं वाचलं तर नवे नियम येईपर्यंत मध्ये एक पोकळीच होती, आणि पलीकडचा वकील तेवढं म्हणू शकला असता. तो म्हणाला नाही. आम्हीही आठवण करून दिली नाही.

शिफारस झाली: रॅम्प मापात करा आणि या योजनांचं टेबल तळमजल्यावर आणा. तीन महिन्यांच्या आत टेबल खाली आलं. रॅम्पला त्याहून जास्त वेळ लागला.

काकांचा मोर्चा मात्र गेला नाही. पेन्शनसाठी आम्ही आजही रस्त्यावरच असतो, कारण सामाजिक सुरक्षेच्या कलम २४ मध्ये 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' हे शब्द नव्या कायद्यातही राहिलेत. तिथे टेप चालत नाही. २०२५ मध्ये पंधराशेचे अडीच हजार झाले, त्याआधी बच्चू कडूंचं मोझरीचं उपोषण झालं होतं. काकांनी तो पेपर मला मुद्दाम आणून दाखवला.

आणि एक खुपतं. ज्याचा आकडा निघतो तीच कामं आम्ही हातात घ्यायला लागलोय. संघटनेत तिसेक टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेला एक जण आहे. तक्रारीत त्याचं नाव चालतं, पण आरक्षणाच्या यादीत किमान चाळीस टक्क्यांची रेघ आडवी येते, म्हणून त्या बैठकांना तो येणं बंद झालाय. दुसरा कर्णबधिर आहे. टेबल खाली आलं त्या दिवशी त्यानं माझ्या वहीत लिहिलं: खिडकीतला माणूस बोलतो तेव्हा खाली मान घालून बोलतो. ओठ दिसत नाहीत. माझं काय?

त्याचा अर्ज आता मी लिहितेय. परवा रात्री मोजले, २१२ शब्द झालेत.