पाचव्या घराचा रस्ता

गेल्या महिन्यात एका जुन्या रेखांकनाची, म्हणजे जमिनीचे भाग आणि रस्ता आखलेल्या नकाशाची, फेरमोजणी करायला गेले होते. 19 वर्षांपूर्वी ते रेखांकन मीच केलं होतं. नकाशाच्या कोपऱ्यात माझी सही आहे आणि मधोमध 3 मीटर रुंदीची एक रेघ आहे. तिच्या बाजूला मीच लिहिलंय, ‘खासगी रस्ता’.

ज्यांची ती जमीन होती ते काका माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या मनात सगळं अगदी सरळ होतं. दोन मुली, मागच्या बाजूला मोकळी जमीन, दोघींना एकेक घर बांधायला जागा द्यायची. पुढच्या सार्वजनिक रस्त्यापासून मागे जायला वाट हवी. मी 6 मीटर सुचवले. ते म्हणाले, “ताई, दोन घरांना एवढा रस्ता कशाला? उगाच जमीन वाया जाईल. एक गाडी गेली म्हणजे झालं.” नियमही त्यांच्याच बाजूने होता. चार घरांपर्यंतच्या खासगी वाटेला रुंदीचं, पायाचं, पाण्याच्या निचऱ्याचं कुठलंच मानक लागू नव्हतं. मी 3 मीटरची रेघ मारली आणि सही केली.

आज त्या रेघेवर 11 घरं आहेत.

एकाही माणसाने नियम मोडलेला नाही, हे मला आधी सांगायला हवं. थोरलीने तिच्या जागेची पोटविभागणी करून अर्धी विकली. घेणाऱ्याने काही वर्षांनी मागचा तुकडा वेगळा केला. धाकटीने घर बांधलंच नाही, तिची जागा ज्यांनी घेतली त्यांनी तिचे तीन भाग केले. मग शेजारच्या जमीनमालकाने काकांकडून वहिवाटीचा हक्क विकत घेतला आणि स्वतःची चार घरं त्याच वाटेला जोडली. प्रत्येक अर्ज वेगळ्या वर्षी आला, वेगळ्या माणसाने तपासला, आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: या एका तुकड्याला पोचायला वाट आहे का? वाट होती. या वाटेवर आता एकूण किती घरं झाली, हे कुठल्याच अर्जात विचारलेलं नव्हतं.

पाचवं घर आलं तेव्हा कोणीतरी थांबून सगळा हिशेब पुन्हा मांडायला हवा होता. तो मांडला गेला नाही, आणि पाचव्यासाठी मांडला नाही म्हणून सहाव्यासाठीही नाही. लहान गावांची वाढ अशीच होते. मोठा विकासक एकदम 60 घरांची योजना घेऊन आला की सगळे जागे होतात, नकाशे भिंतीवर लागतात, सभा होतात. पण एकेक घराने वाढणाऱ्या वाटेसाठी सभा होत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात वाईट रस्ते या दुसऱ्या प्रकारातून तयार झालेले आहेत.

फेरमोजणीच्या दिवशी तिथल्या एका बाईंनी मला जे सांगितलं ते डोक्यातून जात नाही. तिच्या सासऱ्यांना रात्री छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका वेळेवर आली, आतपर्यंत गेलीही. पण वळायला जागा नव्हती. आजोबांना आत घेऊन ती 180 मीटर उलटी बाहेर आली, अंधारात, एक माणूस मागे टॉर्च घेऊन चालत होता. वाटेत एका कुंपणाच्या खांबाला घासली. आजोबा वाचले. तो खांब अजून वाकलेलाच आहे. मी त्याच्याशेजारी टेप धरून उभी होते आणि टेपवर आकडा होता 2.85. कागदावरचे 3 मीटरसुद्धा जागेवर उरले नव्हते.

अमेरिकेत अनेक ठिकाणी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत बंबाच्या वाटेची मोकळी रुंदी किमान 20 फूट, म्हणजे सुमारे 6.1 मीटर, मागितली आहे. डोक्यावर 13 फूट 6 इंच मोकळं हवं, म्हणजे झाडाच्या फांद्या आणि तारा हिशेबात आल्या. पुढच्या टोकाला बंद असलेली वाट 150 फुटांपेक्षा लांब असेल तर शेवटी बंब वळवायची सोय हवी. ब्रिटनमध्ये रुंदी कमी चालते, 3.7 मीटर, पण बंबाला 20 मीटरपेक्षा जास्त अंतर उलटं यावं लागू नये असा तिथला दंडक आहे. दोन देश, दोन आकडे, आणि एकाची रुंदी दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त. पण वळायच्या जागेबद्दल दोघांचं एकमत आहे. मला त्यातून एवढंच दिसतं की रुंदीवर तडजोड करता येते, समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडायला मधेमधे जागा ठेवून. वळणाच्या जागेला मात्र पर्याय नाही. आणि माझ्या नकाशात नेमकी तीच नव्हती.

रुंदीबद्दल बोलताना आम्ही मोजणीवाले आणि घरमालक दोघेही एक गल्लत करतो. रस्त्याची रुंदी म्हणताना माणसाच्या डोळ्यासमोर डांबर किंवा खडी येते. पण रुंदी दोन असतात. एक, रस्त्यासाठी राखलेल्या जमिनीची. दुसरी, त्या जमिनीवर प्रत्यक्ष चाक फिरतं त्या पट्ट्याची. 12 मीटर जमीन राखून त्यावर 4 मीटरच खडी टाकली, तर खर्च 4 मीटरचाच येतो. उरलेल्या जागेत चर निघतात, झाडं लागतात, पाण्याची आणि विजेची लाइन जाते. उद्या घरं वाढली की खडी वाढवता येते. जमीन मात्र नंतर वाढवता येत नाही, कारण तोवर तिथे कोणाचं तरी कुंपण, कोणाचा ओटा, कोणाची पाण्याची टाकी आलेली असते. काकांना मी हे समजावून सांगायला हवं होतं. ते ज्याला वाया जाणं म्हणत होते, ती राखलेली जमीन होती. मी 6 मीटर म्हटलं तेव्हा त्यांना 6 मीटर खडी दिसली, आणि मी ती चूक दुरुस्त केली नाही.

ही कल्पना काही नवी नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नमुना उपविधी, म्हणजे स्थानिक संस्थांसाठी नियमांचे नमुने, आले, आणि त्यांच्या धर्तीवर ठिकठिकाणी नव्या रस्त्याला किमान 36 फूट रुंदी सक्तीची झाली. हेतू चांगला होता, अंधाऱ्या कोंदट गल्ल्या संपवायच्या होत्या. पण लहानशा वाटेलाही तोच नियम लागल्यामुळे पैसा रस्त्यात जायचा आणि घरं एकसुरी रांगांत दाटायची. लंडनच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब या वसाहतीसाठी नगररचनाकार रेमंड अन्विन यांनी आराखडा केला, तेव्हा त्यासाठी 1906 साली संसदेत स्वतंत्र कायदाच करून घ्यावा लागला. त्या कायद्याने 500 फुटांपर्यंतच्या लहान रस्त्यांना 20 फूट रुंदीची मुभा दिली, आणि त्याच वेळी अट घातली की रस्ता कितीही अरुंद असो, समोरासमोरच्या घरांमध्ये 50 फूट अंतर मोकळं राहिलंच पाहिजे. चाकांची जागा कमी, मोकळी जागा जास्त. मी हे वाचलं ते नोकरीला बरीच वर्षं झाल्यावर. आधी वाचायला हवं होतं.

आता त्या वाटेच्या अवस्थेबद्दल. तिथल्या लोकांचं भांडण असं चाललंय की कोणाच्या गाड्यांनी रस्ता खराब केला. एका घरात तीन गाड्या आहेत, त्यामुळे बोट त्यांच्याकडे जातं. हे मला खरंच त्यांच्यावर अन्याय करणारं वाटतं. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. ट्रक दिवसरात्र चाचणीच्या रस्त्यांवर फिरवले आणि काय खराब होतं ते नोंदवलं. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याचं नुकसान आसावरच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावरच्या, वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे गाडीच्या आसावर 1 टन आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर 10 टन असेल, तर ट्रकचा तो एक आस गाडीच्या आसापेक्षा 10,000 पट नुकसान करतो. ही चाचणी पक्क्या रस्त्यांवरची होती, खडीच्या वाटेला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. पण दिशा तीच. त्या वाटेवर 11 घरं बांधली गेली, म्हणजे वीट, वाळू, सिमेंट, स्लॅबचं काँक्रीट, सगळं 11 वेळा त्याच 3 मीटरवरून आत गेलं. रस्ता राहत्या लोकांच्या गाड्यांनी कमी आणि बांधकामाने जास्त मोडलाय.

म्हणून घर बांधणाऱ्याने काम सुरू करण्याआधी अनामत ठेवावी, रस्त्याचे फोटो काढून घ्यावेत आणि काम संपल्यावर वाट होती तशी करून द्यावी, हे कलम मी आता प्रत्येक करारात घालायला सांगते.

ट्रकनंतर दुसरा शत्रू पाणी. खडीचा रस्ता मधे उंच आणि दोन्ही बाजूंना 4 टक्क्यांच्या आसपास उतरता हवा, म्हणजे मीटरमागे 4 सेंटिमीटर. डांबरी रस्त्याला याच्या निम्मा उतार पुरतो. या वाटेवर उतार उलटा झालाय. वर्षानुवर्षं कोणी खड्ड्यात भर टाकली, कोणी चर बुजवून फाटकासमोर ओटा केला, आणि आता रस्ताच गटार झालाय. दोन फाटकांखाली चराचं पाणी जायला पाइप-मोरी आहे, बाकीच्यांनी सरळ माती टाकून चर ओलांडलाय. पहिल्या माणसाने चर बुजवला की पाणी दुसऱ्याच्या दारात जातं. रस्त्याचं मानक म्हटलं की लोकांना रुंदी आठवते. माझ्या मते दहा चांगल्या खासगी रस्त्यांपैकी नऊ तरी त्यांच्या चरांमुळे टिकलेले असतात.

रस्त्यावरच्या खडीत आडव्या लाटा पडल्यात त्याबद्दलही तक्रार होती, खडी वाईट होती म्हणून. 2007 साली फ्रान्स, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी फिरत्या वाळूच्या तबकावर साधं चाक ठेवून दाखवलं, की एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की लाटा आपोआप उठतात, चाकाला स्प्रिंग नसली तरी. थोडक्यात, सावकाश चाला. बाकी फार काही नाही.

खरी अडचण मला कागदात दिसली. त्या 11 पैकी चारच खरेदीखतांत रस्त्याच्या देखभालीचा उल्लेख आहे, आणि तोही ‘सर्वांनी मिळून करावी’ एवढाच. सर्व म्हणजे कोण? 11 की मूळचे दोन? वाटा समान, की अंतरानुसार? तोंडाशी राहणारा 20 मीटर वापरतो, शेवटचा संपूर्ण 180 मीटर. तोंडावरचे काका म्हणतात, शेवटच्यांनी जास्त द्यावं. शेवटच्या बाई म्हणतात, तुमच्या दारात धूळ उडते ती बंद झाली तर फायदा तुमचाच. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हे आधी लिहून ठेवायचं असतं. माझं स्वतःचं मत असं, की नेहमीचा खर्च समान वाटावा. अंतराचा हिशेब कागदावर न्याय्य दिसतो, पण दरवर्षी टेप काढायला लावतो आणि माणसं तोडतो. मोठी कामं बहुमताने ठरावीत. आणि करार व्यक्तीच्या नावावर नको, जमिनीला चिकटलेला आणि नोंदवलेला हवा, म्हणजे घर विकलं की नव्या मालकाला तो आपोआप लागू होतो. नाहीतर दर विक्रीला एक सही गळते.

वाटेचं दुसरं टोकही मी पाहिलं. तिथे मागच्या जमिनीच्या हद्दीआधी एक फुटाची पट्टी कोणीतरी स्वतःच्या नावावर राखून ठेवली आहे. पलीकडे उद्या वस्ती झाली, तर तिला या वाटेने जोडायचं असेल तर आधी त्या एक फुटाची किंमत मोजावी लागेल. इंग्लंडमध्ये 1961 च्या एका निवाड्यात अशा पट्टीची किंमत विकासामुळे वाढलेल्या मूल्याच्या एक तृतीयांश धरली गेली, आणि तिथे अजूनही वाटाघाटी त्या आकड्यापासून सुरू होतात. एक फूट माती अख्ख्या गावाचा आराखडा अडवू शकते. दोन बंद वाटा टोकाशी जोडल्या गेल्या असत्या, तर रुग्णवाहिकेला उलटं यावंच लागलं नसतं. म्हणून हल्ली मी प्रत्येक बंद रस्त्याच्या टोकापासून हद्दीपर्यंत तुटक रेघ मारते आणि लिहिते, ‘भावी जोडरस्त्यासाठी राखीव’. ग्राहक विचारतात, याची गरज काय. मी आता समजावून सांगते, आणि पटलं नाही तर ते काम घेत नाही.

मागच्या रविवारी त्या 11 घरांतल्या आठ घरांची माणसं वाटेवर जमली. मी नकाशा एका गाडीच्या बॉनेटवर पसरला. वळणाच्या जागेसाठी टी आकाराचा फाटा काढायचा झाला तर दोन घरांच्या कुंपणाआतली जागा लागते. एका घराने लगेच हो म्हटलं, ज्यांचे आजोबा त्या रात्री गाडीत होते त्यांनी. दुसऱ्याने विचार करून सांगतो म्हटलं. वाकलेल्या खांबाच्या मालकाने स्वतःहून विचारलं, “ताई, कुंपण किती मागे घेऊ?” मी दीड मीटर म्हटलं. त्याने मुलाला खुंट्या आणायला घरात पाठवलं, आणि आम्ही दोघांनी टेप धरून पहिली खुंटी ठोकली.