माझ्या लेकीचे केस तिचेच आहेत

फॉर्म एका पानाचा होता. मुलीचं नाव, केसांचा जन्मापासूनचा रंग, सरळ की कुरळे, आणि खाली सहीच्या जागी पालकाचा शिक्का. लेकीच्या शाळेने तो मागितला होता. इथे जपानमध्ये त्याला ‘जिगे शोमेइशो’ म्हणतात, म्हणजे केस मूळचेच असे असल्याचा दाखला. साताऱ्यात असताना तलाठ्याकडून, तहसीलमधून कितीतरी दाखले काढलेत. पण पोटच्या पोरीचे केस तिचेच आहेत असं लिहून देताना माझा हात थांबला.

लेक माझ्या आईवर गेलीय. दाट, कुरळे केस, उन्हात तांबूस दिसणारे. या एप्रिलमध्ये ती टोक्योत हायस्कूलला जायला लागली. शाळेला लहानपणीचा फोटोही हवा होता. पहिल्या वाढदिवसाचा सापडला, तर त्यात नुकतंच जावळ काढलेलं. शेवटी तिसऱ्या वर्षीचा, वाईच्या घाटावरचा दिला.

गणवेशाविषयी माझी तक्रार नाही. मी स्वतः निळा पिनो आणि लाल रिबिनींच्या दोन वेण्या घालून शाळेत गेले. ऊसतोड कामगाराची मुलगी आणि कारखान्याच्या संचालकाची मुलगी आमच्या वर्गात एका बाकावर बसायच्या, त्यात त्या गणवेशाचा वाटा होता. लेकीलाही तिचा ब्लेझर मनापासून आवडतो. इथे अलीकडे बऱ्याच शाळांत मुलींना स्कर्टऐवजी पॅन्ट घेता येते, तिने पॅन्टच घेतली. पण कपडे संध्याकाळी उतरवून ठेवता येतात. केस तसे ठेवता येत नाहीत.

जपानमध्ये शाळेच्या नियमांना ‘कोसोकु’ म्हणतात, आणि जाचक नियमांना ‘बुराक्कु कोसोकु’, काळे नियम. हा शब्द घरोघरी पोचला तो ओसाकातल्या एका मुलीमुळे. केस जन्मतःच तपकिरी आहेत असं ती सांगत होती, तरी ते काळे रंगवायला तिला वारंवार बजावलं गेलं. ती शाळेत यायची थांबली आणि २०१७ मध्ये तिने दावा लावला. २०२१ च्या निकालात न्यायालयाने केसांचा नियम बेकायदा ठरवला नाही. मात्र वर्गातून तिचं बाक हलवलं, पटावरून नाव काढलं, हे चूक ठरवलं आणि ३,३०,००० येन भरपाई द्यायला लावली. बाक हलवलं, हे वाचताना मला गलबलून आलं होतं. मूल परत यायची वाट पाहायची, की त्याची जागाच पुसायची?

त्यानंतर बरंच हललं. एप्रिल २०२२ पासून टोक्योच्या सरकारी हायस्कूलांनी सरसकट काळ्या केसांची सक्ती सोडली. आतल्या कपड्यांच्या रंगाचा नियमही गेला. होय, तोही होता! केसांचा दाखला मात्र काही शाळांनी ठेवला.

मी वर्गशिक्षिकांना भेटले. त्या अतिशय अदबीने बोलल्या. म्हणाल्या, दाखला असला की रोज कुणी तुमच्या मुलीला टोकणार नाही, हे तिच्याच भल्यासाठी आहे आणि नियम सगळ्यांना सारखा आहे. त्यांचा हेतू खोटा नव्हता. पण फॉर्म सगळ्यांना मिळालाच नव्हता. ज्यांचे केस सरळ आणि काळे, त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नाही. लेकीच्या वर्गात तो तिघींना मिळाला. बाकीच्यांनी काहीच सिद्ध करायचं नव्हतं. हे मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

शिक्का मी मारला, कारण लेक म्हणाली, “आई, आत्ता मार. पुढचं मी बघते.”

तिने हा विषय विद्यार्थी परिषदेत मांडायचं ठरवलंय. पाच मिनिटं मिळालीत. काल रात्री तिने निवेदन वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी एका शब्दाशी अडलो. पहिल्या ओळीत ‘जिगे’ म्हणायचं, मूळचे केस, की नुसतं ‘वाताशी नो कामि’, माझे केस? अजून ठरलेलं नाही.