पोटऱ्यांचं काम आणि उभ्याने केलेली नोकरी

हृदय रक्त ढकलतं हे सगळ्यांना माहीत असतं, शाळेत चार कप्पे काढून लाल-निळा रंग पण भरलेला असतो, पण ते निळं रक्त पायाच्या बोटांपासून छातीपर्यंत वर चढतं कसं हे फारसं कुणी सांगत नाही. याला फिजिऑलॉजीत व्हेनस रिटर्न म्हणतात आणि मला तर हृदयापेक्षा हाच भाग जास्त आवडतो. हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त बाहेर टाकतं खरं, पण जेवढं परत येईल तेवढंच टाकणार ना, त्यामुळे परतीची वाट अडली की पुढचं सगळंच अडलं.

धमन्यांमध्ये सरासरी दाब असतो ९०-१०० मिलिमीटर पारा, केशवाहिन्या ओलांडून रक्त बारीक शिरांमध्ये येईपर्यंत तो १०-१५ वर येतो आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात जवळपास शून्य. आडवं पडलेलं असताना एवढ्यावर भागतं. उभं राहिलं की घोट्यापासून हृदयापर्यंत जवळजवळ चार फूट रक्ताचा स्तंभ होतो आणि त्याच्या वजनाने घोट्याच्या शिरेतला दाब ८०-९० वर जातो. तसा धमनीतला दाबही तिथे तेवढाच वाढतो म्हणून रक्त वाहायचं थांबत नाही, पण शिरांच्या भिंती पातळ, लगेच ताणल्या जातात, त्यामुळे नुसतं उभं राहिलं तरी अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त छातीतून खाली सरकतं.

इथे पोटरी कामाला येते. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतल्या सोलियस स्नायूमध्ये शिरांच्या मोठ्या पोकळ्या असतात त्या पिळल्या जातात आणि रक्त वर जातं, स्नायू सैल पडला की ते खाली यायला बघतं पण शिरेतल्या झडपा मिटतात. थोडी पावलं चाललं तरी घोट्यातला तो ८०-९० चा दाब २०-३० पर्यंत उतरतो!! चालणारा आणि नुसता उभा असलेला, दोघांचेही पाय खालीच आहेत, पण शिरांच्या दृष्टीने दोघांची अवस्था फार वेगळी.

झडपा खऱ्याच एका दिशेच्या आहेत का हे स्वतःच्या हातावर बघता येतं. हात खाली सोडा, शीर फुगली की मनगटाकडच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारत न्या. दुसरं बोट उचललं तरी झडपेपर्यंतचा तुकडा रिकामाच राहतो, पहिलं बोट उचललं की खालून भरतो. इंग्लंडचा डॉक्टर विल्यम हार्वे, त्याने १६२८ च्या पुस्तकात हाच प्रयोग चित्रांसह दिलाय. त्याचे इटलीतल्या पदुआमधले शिक्षक फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये या झडपांवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, पण त्यांना वाटायचं की हातापायात रक्त साचू नये म्हणून त्या फक्त वेग कमी करतात. रक्त फिरून हृदयाकडेच येतं हे हार्वेने ओळखलं, मला हे फार थोर वाटतं कारण झडपा दोघांनीही त्याच बघितल्या होत्या.

श्वासाचाही हातभार लागतो, श्वास घेतला की छातीतला दाब कमी होतो, छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा खाली येऊन पोटातला वाढतो आणि रक्त वर ओढलं जातं.

आता परेडमध्ये सावधान उभी असलेली पोरं धाडकन पडतात ते आठवा. ऊन असतं, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या, पोटऱ्या हलत नाहीत, रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पडतं आणि शुद्ध जाते. आडवं पडल्यावर रक्त परत येतं आणि बहुतेक वेळा लगेच जाग येते. म्हणून कृपा करून चक्कर आलेल्याला उचलून खुर्चीत बसवू नका!! झोपवा, पाय वर करा, श्वास बघा, आणि लवकर शुद्धीवर आला नाही तर सरळ १०८ ला फोन.

पण परेड तासाभराची. साडीच्या दुकानातल्या बायका, सिक्युरिटीवाले, न्हावी, हे रोज सगळा दिवस उभे. वर्षानुवर्षं शिरा ताणल्या की झडपांच्या पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, रक्त खाली गळतं, अजून ताण पडतो आणि मग पोटरीवर त्या वेड्यावाकड्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स, दिसायला लागतात, संध्याकाळी पाय भरून येतात, घोट्याजवळ कातडी काळवंडते, कुणाकुणाला जखमा होतात ज्या महिनोन्महिने भरत नाहीत. यात अनुवंशाचा, वयाचा, बाळंतपणांचा भाग असतो, पण गिऱ्हाईक नसतानाही बसायचं नाही हा नियम शरीराने केलेला नाही, मालकाने केलाय. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं, त्यामागे या बायकांचीच मागणी होती. मला वाटतं प्रत्येक दुकानात काउंटरमागे स्टूल असलंच पाहिजे, आणि ते नुसतं ठेवलेलं नको, बसायची परवानगी पण हवी.

तोपर्यंत उभ्याउभ्याच टाचा उचलत राहा, दर थोड्या वेळाने चार पावलं फिरा, घरी गेल्यावर पाय छातीपेक्षा वर ठेवून पडा, आणि डॉक्टरांनी सांगितले असतील तर ते घट्ट मोजे सकाळी उठल्या उठल्या, सूज यायच्या आत घाला. एकच पाय अचानक सुजला आणि दुखायला लागला तर मात्र तेल लावून चोळत बसू नका, आत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.