शालजोडी, टिपण दुसरे: कानी नव्हे, अमली

मागच्या टिपणात मी आमच्या घरची जुनी काश्मिरी शाल ‘कानी’, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, असल्याचे काहीशा घाईने, आणि आता मान्य करायला हवे की काहीशा अभिमानानेही, जाहीर केले होते. ते विधान मी मागे घेते. गेल्या रविवारी सकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या माडीवर, उत्तरेच्या खिडकीपाशी शाल उलटी पसरली, तेव्हा तीन महिने छळणाऱ्या प्रश्नाचा निकाल लागला: पल्ल्यावरील कोयऱ्या मागावर विणलेल्या नसून सुईने भरलेल्या आहेत, म्हणजे शाल ‘अमली’ आहे.

चूक कशी झाली हे सविस्तर सांगते, कारण ती कोणाचीही होऊ शकते. चांगल्या अमलीचा टाका इतका आखूड असतो, आणि ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, जेमतेम एकदोन तंतू उचलून तो कापडाशी इतका सपाट बसतो, की सुलट बाजूने ती तिरपी वीणच वाटते. कानीमध्ये प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या लाकडी काडीवर गुंडाळलेला असतो आणि तो आपल्या रंगाच्या हद्दीपुरताच फिरून शेजारच्या रंगात अडकवला जातो. त्यामुळे उलट बाजूस रंगांच्या सीमेवर बारीक उंचवटा येतो. मला तो उंचवटा बोटांना लागला होता आणि मी तेवढ्यावर थांबले. प्रत्यक्षात ती आकृतीभोवती शेवटी घातलेली काळी रेघ होती, तीही सुईचीच.

निर्णायक पुरावा कसरीने दिला. एका कोयरीच्या देठाशी तिने रंगीत धागा तेवढा खाल्ला आहे. ती जागा भिंगाखाली धरली, तर खाली साईच्या रंगाची जमीन, म्हणजे मूळ कापड, अखंड दिसली, तिरप्या विणीत कोठेही खंड नाही, आणि तिच्यात सुईची छिद्रे ओळीने उभी होती. शाल कानी असती तर रंगीत बाणा गेल्यावर तेथे ताण्याचे उघडे तंतूच उरले असते. मग बोथट सुईने दुसऱ्या कोयरीतील दोन टाके हलकेच बाजूला सारून पाहिले. तेथेही खाली जमीन होतीच. कसरीचे आभार मानायची वेळ आयुष्यात प्रथमच आली.

हे सारे सराफाच्या दहापट भिंगाने झाले. संगणकाला जोडायचा जो सूक्ष्मदर्शक हजारपट मोठे दाखवण्याच्या जाहिरातीला भुलून मी मागवला होता, त्याने तंतूऐवजी माझ्या हाताचा कंपच मोठा करून दाखवला. तो घेऊ नका.

याच निमित्ताने त्या व्यापाऱ्याचेही उत्तर मिळाले, ज्याने शाल हातात न घेता “यंत्रावरची दिसते, पण थंडीत ऊब छान देईल” असा शब्दशः शालजोडीतला दिला होता. जॅकार्ड मागावर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रमागावर, बाणा या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि न लागणारे रंग उलट बाजूस मोकळे लोंबतात किंवा कातरून टाकलेले दिसतात. येथे तसे काहीच नाही.

अमली ठरल्याने किंमत कोसळली, असे घरच्यांना वाटते. मला तितकेसे वाटत नाही. कानी शालीचे काम मागावर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चाले आणि तिच्यावर जबर करही असे. त्या करातून सुटलेली सुईची शाल स्वस्त पडे, हे खरे. १८२२-२३ मध्ये काश्मिरात राहिलेल्या विल्यम मूरक्रॉफ्ट या इंग्रज प्रवाशाने या सुईकामाचा उगम १८०३ साली तेथे आलेल्या ख्वाजा युसूफ या आर्मेनियन व्यापाऱ्याकडे नेला आहे. परंतु आज भाव ठरतो तो कामाचा बारीकपणा, जमिनीची शाबूत अवस्था आणि रंग यांवर. ठिगळ लावलेल्या कानीपेक्षा धडधाकट अमली मला केव्हाही अधिक मोलाची वाटते. शंभर वर्षे ओलांडलेली वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, म्हणून लंडनच्या लिलावांतील आकडे घरात वाचून दाखवणे मी बंद केले आहे. आत्याबाईंचा “अंगठीतून जाते ती शाहतूश” (म्हणजे चिरू या तिबेटी हरणाच्या लोकरीची) हा आग्रहही मी नम्रपणे बाजूला ठेवला: उत्तम पश्मिनाही अंगठीतून जाते, आमची भरगच्च शाल जात नाही, आणि शाहतूश निघालीच असती तर तिची विक्री हा गुन्हाच ठरला असता.

उरला काळ. घरात सांगतात की शाल बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या दरबारातून, म्हणजे १८५६ ते १८७० च्या दरम्यान, मिळाली. एका कुंजबुट्यात, म्हणजे कोपऱ्यातल्या बुट्ट्यात, जांभळा धागा आहे, जो सुलट बाजूस विटला असून उलट बाजूस भडक आहे आणि ओलसर कापूस टेकवताच गुलाबी उतरतो. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा कृत्रिम जांभळा रंग १८५६ चा. त्यामुळे शाल त्यानंतरचीच, असा निष्कर्ष मी येथे लिहिणार होते. परंतु हे वाक्य लिहिता लिहिता शंका आली म्हणून उठून उरलेले तीन कोपरे पाहिले. त्यांत हा जांभळा कोठेच नाही, तेथे किरमिजी आहे; आणि जांभळ्या कोपऱ्यातील टाकाही दुपटीने लांब आहे. म्हणजे तो नंतरच्या रफूगाराचा हात आहे आणि त्याचा रंग मूळ शालीचा काळ सांगत नाही.

त्यामुळे बेत बदलला. पुढच्या महिन्यात कसरीची छिद्रे रफू करून घेणार होते, ते आता राहू दे. तीच माझी खिडकी आहे. शाल घडी मोडून, धुतलेल्या बिनखळीच्या मलमलीसह जाड नळीवर गुंडाळली आहे. आणि शाली जोडीने दिल्या जात, हे इतके दिवस तोंडाने म्हणत असूनही जे सुचले नाही ते आज सुचले: जोडीतली दुसरी शाल ग्वाल्हेरच्या चुलत बहिणीकडे असावी. तिचे चारही कोपरे किरमिजी असतील, तर जांभळ्याचा प्रश्न मिटतो. तिला सकाळीच उलट बाजूची छायाचित्रे मागितली. तिने तत्परतेने पाठवली, सुलट बाजूची, स्वतः पांघरून.