गोच्या चाचण्यांसाठी वेगळी चूल नको

समजा, पणजी–बेती फेरीबोटीच्या वेळा दाखवणारी एक सेवा नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) लिहिलेली आहे. चाचण्या टेस्टकंटेनर्सवर, म्हणजे चाचणीपुरते कंटेनर उभे करणाऱ्या लायब्ररीवर, चालतात आणि प्रत्येक पुशला गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबची आपोआप चाचण्या चालवणारी सीआय सेवा) खराखुरा पोस्टग्रेस डेटाबेस उभा राहतो. आता गावांची नावं शोधायचा भाग गो या प्रोग्रामिंग भाषेत आला. नोडचा जॉब (सीआयमधलं चाचण्यांचं काम) कॉपी करून त्यात गो बसवायचा मोह होतो. तो टाळावा, कारण दोन जॉबांतले इमेजचे (कंटेनरच्या साच्याचे) टॅग, म्हणजे आवृत्तीच्या खुणा, लवकरच एकमेकांशी फारकत घेतात.

त्यापेक्षा जॉब एकच ठेवावा आणि मॅट्रिक्समध्ये (एकच जॉब वेगवेगळ्या मूल्यांनी चालवणारी यादी) भाषा हा घटक घालावा. फेल-फास्ट मुळात चालू असतं, ते बंद करावं. नाहीतर नोड पडला की गोचा जॉब मधेच रद्द होतो आणि दोष नक्की कुणाचा ते कळत नाही. इमेजचा टॅग एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावा, स्कीमाच्या (टेबलांच्या रचनेच्या) एसक्यूएल फाइली रिपोच्या मुळाशी, दोन्ही भाषांच्या फोल्डरांबाहेर. लॅपटॉपवर अल्पाइन लिनक्सची हलकी इमेज आणि सीआयवर डेबियन लिनक्सची असा घोळही घालू नये, दोघांचे कोलेशनचे (अक्षरांच्या क्रमवारीचे) नियम वेगळे आहेत. (पावसात लाइट गेली आणि नेट मोबाइलवर आलं की हलकी इमेज ओढावीशी वाटते, हे खरं. इमेज सकाळीच ओढून ठेवावी.)

सगळ्यात जास्त वेळ खातं ते 'डेटाबेस तयार झाला का' हे ओळखणं. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज रिकाम्या डेटा फोल्डरवर आधी तात्पुरता सर्व्हर उठवते, सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालवते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर सुरू करते. त्यामुळे 'जोडणी घ्यायला तयार' ही ओळ लॉगमध्ये २ वेळा येते. पहिल्या ओळीवर विसंबलं की चाचणी कधी पास, कधी 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. गोमध्ये लॉगमधल्या ओळीची वाट पाहणं स्वतः लिहिलं असेल तर विथ-ऑकरन्सला (ओळ किती वेळा यावी ते सांगणारी सेटिंग) २ द्यावेत. कंटेनरच्या आत पीजी-इझरेडी (पोस्टग्रेस तयार आहे का ते विचारणारी कमांड) होस्ट न देता चालवलं तरी हाच फटका बसतो: तात्पुरता सर्व्हर टीसीपीवर (नेटवर्कवरून) ऐकत नाही, पण युनिक्स सॉकेटवर (त्याच कंटेनरच्या आतल्या वाटेवर) होकार देतो.

गो प्रत्येक पॅकेजच्या चाचण्या वेगळ्या प्रोसेसमध्ये आणि एकाच वेळी चालवतं. म्हणजे सिंक-वन्स (एका प्रोसेसमध्ये काम एकदाच करणारी सोय) लावूनही ८ पॅकेजं असली तर ८ पोस्टग्रेस. छोट्या रनरवर (जॉब चालवणाऱ्या मशीनवर) मेमरी संपते आणि कंटेनर १३७ कोड देऊन मरतो. गो टेस्टला पी १ (एका वेळी एकच पॅकेज) देणं हा सोपा उपाय, मात्र चाचण्या रेंगाळतात.

टेस्टमेनमध्ये (पॅकेजच्या चाचण्या सुरू करणारं फंक्शन) कंटेनर बंद करायचं काम डिफरवर (फंक्शन संपताना चालणाऱ्या ओळीवर) सोपवलं आणि शेवटी ओएस-एक्झिट (प्रोग्राम तिथेच संपवणारी हाक) लिहिलं, तर डिफर चालतच नाही. मागे राहिलेला पसारा राययुक हा टेस्टकंटेनर्सचा सफाई कंटेनर आवरतो. तो बंद केलेला असेल तर कंटेनर तसेच पडून राहतात. चाचण्या वेगळ्या फंक्शनमध्ये चालवाव्यात, डिफर तिथेच ठेवावा आणि बाहेर फक्त कोड परत द्यावा.

कॅशचाही (गो जपून ठेवतं त्या जुन्या निकालांचा) एक सापळा आहे. गो मॉड्यूलच्या आतल्या फाइली आणि वाचलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यांवर लक्ष ठेवतं. आपला एसक्यूएल मात्र मॉड्यूलच्या बाहेर आहे! स्कीमा बदलूनही निकालापुढे 'कॅश्ड' दिसतं. गो टेस्टला काउंट १ दिलं की कॅश टळतो.

आता लांबी. नावाचा कॉलम वारचार २०, म्हणजे जास्तीत जास्त २० अक्षरचिन्हांचा, आहे. गोमध्ये 'लेन २० पेक्षा जास्त तर नकार' अशी तपासणी लिहिली की 'म्हापसा' अडतो, कारण लेन बाइट मोजतं: ७ कोडपॉइंट (युनिकोडची चिन्हं), प्रत्येकी ३ बाइट, एकूण २१. नोडची लेंग्थ ७ सांगते, पोस्टग्रेसही ७ च धरतो. गोमध्ये रून, म्हणजे कोडपॉइंट, मोजावेत. दोन्ही भाषांच्या सामायिक टेस्ट डेटात म्हापसा हवाच. नावं नुसती रोमन लिपीत असली तर ही चूक सापडायची नाही.